मुलाच्या नावाने येणारे कार्ड आणि मुलाची पत



मृगाच्या तोंडावर घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती कशी तपासावी, हे दाखवण्यासाठी एका गावी गेलो होतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून झाले, चहा आला, तेवढ्यात घरधन्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. "साहेब, एवढं वाचा बरं. पोरीला दोन लाखांचं क्रेडिट कार्ड मंजूर झालंय म्हणतात. पोरगी तर यंदा दहावीला गेली."

संदेशात मुलीचे नाव होते, अभिनंदन होते आणि आधार-पॅनचे क्रमांक भरण्यासाठी लिंक होती. चौकशी केली तेव्हा कळले, की तिने एका सराव परीक्षेचा फॉर्म मोबाईलवर भरला होता. नाव आणि नंबर तेथूनच बाहेर गेला असावा. तिची आई हळूच म्हणाली, "भरून टाकू का? खताला तरी पैसे होतील."

त्या माउलीची अडचण मला कळत होती. तरीही मी म्हणालो, "ताई, भरू नका." असे का म्हणालो, ते आज सांगतो.

अज्ञानाला कर्ज नाही

सातबारावर एखाद्या वारसाच्या नावापुढे "अ.पा.क." असा शेरा आपण पाहतो. अज्ञान पालनकर्ता, असा त्याचा अर्थ. १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत मूल कायद्याने अज्ञान असते. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञानाला करार करता येत नाही, आणि कर्ज म्हणजे करारच. कलकत्त्याच्या धर्मोदास घोष या अज्ञान मुलाने १८९५ साली सावकाराला २० हजार रुपयांचे गहाणखत लिहून दिले होते. ते प्रकरण पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९०३ साली निकाल लागला, की अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल. सावकाराचे पैसे बुडाले. आपली न्यायालये आजही तोच निकाल मानतात.

हिंदू कुटुंबांसाठी १९५६ चा कायदाही आहे. मुलाच्या स्वतःच्या मालकीची जमीन आईबापालाही न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता किंवा गहाण टाकता येत नाही.

मग दहावीच्या मुलीला कार्ड "मंजूर" कसे झाले? झालेलेच नाही. असा संदेश एक तर न पाहता हजारोंना धाडलेली जाहिरात असते, नाही तर क्रमांक काढून घेण्यासाठी टाकलेला गळ. त्या क्रमांकांवर खोटे वय दाखवून कोणी उद्या कर्ज उचलले, तर "हे कर्ज माझे नाही" हे सांगत फिरण्याची पाळी मुलीवर येते.

येथे एक घोटाळा होतो, तोही समजून घ्यावा. दहा वर्षांवरील मुलांना आपले बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. त्या खात्यावर मुलाला एटीएम कार्डही मिळू शकते. त्या कार्डाने आपलेच साठवलेले पैसे निघतात. अज्ञानाचे खाते उणे जाऊ द्यायचे नाही, असा बँकांना दंडक आहे. क्रेडिट कार्ड मात्र उधारीचे असते.

घरचाच दाखला

बाहेरच्या चोराइतकेच घरातल्या माणसाकडूनही मुलाच्या पतीचे नुकसान होते. हे मी घरात पाहिले आहे. माझ्या चुलतभावाचे पीककर्ज थकले होते, त्यामुळे त्याच्या नावावर हप्त्याने काही मिळेना. मुलगा नुकताच सज्ञान झाला होता. दुकानात मी बरोबर होतो, आणि मीच म्हणालो, "पोराच्या नावावर घे, हप्ते तू भर." मोबाईल आला. पुढे कांद्याचा भाव पडला, चार हप्ते चुकले. नंतर सगळे पैसे भरले आणि आम्ही विसरून गेलो.

दोन वर्षांनी त्या पोराने दोन म्हशींसाठी कर्ज मागितले, तेव्हा बँकेने त्याचा सिबिल अहवाल पुढे ठेवला. चुकलेले चारही हप्ते त्याच्या नावावर मांडलेले होते. अशी नोंद किमान सात वर्षे ठेवली जाते. पोरगा मला एका शब्दाने बोलला नाही, पण त्याच्या नजरेला नजर देणे मला जड गेले. जमीन मुलाच्या नावावर करताना आपण दहा वेळा विचार करतो. उधारी करतानाही तेवढाच करावा.

एवढे करावे

१. मुलाच्या नावाने आलेल्या कार्डाच्या किंवा कर्जाच्या संदेशाला उत्तर देऊ नये. ओटीपी कोणालाही सांगू नये.

२. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर कारण व तारीख लिहावी. चालत असेल तेथे शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार द्यावे.

३. न मागता मोठ्या माणसाच्या नावाने कार्ड आले तरी ते चालू करू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी न मागितलेले कार्ड देण्यास मनाई केली. संमतीवाचून कार्ड चालू करून बिल लावले, तर ते रद्द करून बिलाच्या दुप्पट दंड देणे कंपनीवर बंधनकारक केले.

४. मुलाला १८ पूर्ण होताच त्याचा पतअहवाल काढावा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स व क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा तो फुकट द्यावयाचा असतो. अनोळखी कर्ज दिसले तर लगेच लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढे दररोज १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

५. फसवणूक होऊन पैसे गेले, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

त्या माउलीची खताची अडचण खरी होती. पीककर्जासाठी सोसायटीत कोणते कागद द्यावे लागतील, ते मी घरधन्याला तेथेच बसून लिहून दिले. गरज घरची असेल तर कर्जही घरच्या कर्त्याने आपल्या नावावर काढावे.

उगवणशक्ती पाहिल्यावाचून आपण बियाणे रानात टाकत नाही. मुलाला व्यवहारात उतरवण्याआधी त्याची पतही तशीच पाहून घ्यावी, आणि तोवर तिला आपला हात लागू देऊ नये.