शाळकरी पोरांच्या मॉडेलला १० हजार मिळतात, मग विहिरीचं पाणी मोजायला पैसे कोण देतं?

पुणतांबा म्हटलं की पहिली आठवण येते १ जून २०१७ ची. राहाता तालुक्यातल्या या गावातून शेतकरी संपाची ठिणगी पडली आणि राज्यभर दूध-भाजीपाल्याच्या गाड्या थांबल्या. पण आज विषय संपाचा नाही, पाण्याचा आहे. त्यातही ते पाणी मोजू शकणाऱ्या शाळकरी पोरांचा.

समजा, पुणतांब्यातल्या आठवीच्या पोरांना प्रश्न पडला की आपल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात जास्त मचूळ का लागतं? प्रश्न साधा वाटतो, पण तो या भागाच्या मुळाशी जातो. गाव गोदावरीकाठचं. तालुक्यात ब्रिटिशकालीन कालवे, काळी जमीन आणि ऊस. अशा जमिनीला वर्षानुवर्षं भरपूर पाणी दिलं आणि निचरा झाला नाही, की खालचे क्षार वर येतात आणि जमीन क्षारपड होते. आपल्या गावात तसं होतंय का, हे कळायला अंदाज कामाचे नाहीत, मोजमाप लागतं. दहा विहिरी निवडायच्या, वर्षातून चार वेळा पाण्याची पातळी आणि क्षार मोजायचे, वहीत लिहायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

याला खर्च किती? क्षार दाखवणारा टीडीएस मीटर काहीशे रुपयांत येतो. पातळी मोजायला दोरी आणि टेप पुरे. खरा खर्च प्रयोगशाळेतल्या तपासणीचा आणि येण्याजाण्याचा. मग हे पैसे मागायचे कुणाकडे?

'इन्स्पायर मानक' नेमकं कशाला पैसे देतं?

सगळ्यात मोठी योजना हीच. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची. सुरुवातीला ती सहावी ते दहावीपर्यंत होती, अलीकडे अकरावी-बारावीही आत आली. शाळा विद्यार्थ्यांच्या पाच कल्पना ऑनलाइन पाठवू शकते. देशभरातून १० लाख कल्पना मागवायच्या आणि त्यातल्या १ लाख निवडायच्या, असं उद्दिष्ट आहे. निवड झाली की १० हजार रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात. पुढे जिल्हा, राज्य, राष्ट्रीय प्रदर्शन अशी चाळणी लागते आणि शेवटी उरतात ६०.

पैसे शाळेच्या नाही तर पोराच्या खात्यात जातात, ही चांगली गोष्ट आहे. फक्त ते खातं चालू आणि आधारशी जोडलेलं हवं. नाहीतर निवड होऊनही रक्कम अडकू शकते.

पण गोम वेगळीच आहे. हे पैसे आहेत मॉडेल बनवायला आणि ते प्रदर्शनात मांडायला. कल्पना नवीन आहे का, लोकांच्या उपयोगाची आहे का, वापरायला सोपी आहे का, हे बघितलं जातं. म्हणजे पाणी वाचवणारा नळ बनवलात तर संधी आहे. 'आम्ही दहा विहिरी वर्षभर मोजल्या' हे मात्र त्या चौकटीत बसत नाही, कारण शेवटी हातात यंत्र नसतं, एक तक्ता असतो. माझ्या मते पर्यावरणाच्या अभ्यासात तो तक्ताच सगळ्यात मोलाचा असतो. तो प्रदर्शनाच्या टेबलावर चमकत नाही, एवढंच.

तक्त्याची किंमत करणारा उपक्रम आहे राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद. १९९३ पासूनचा, १० ते १७ वयाच्या मुलांसाठी. इथे परिसरातलाच प्रश्न घ्यायचा, सर्वेक्षण करायचं, नोंदवही ठेवायची आणि निष्कर्ष मांडायचे. महाराष्ट्रात त्याचं संयोजन अनेक वर्षं ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने केलं. विहिरींचा अभ्यास इथे अगदी फिट बसतो. पण काम सुरू करायला आगाऊ अनुदान मिळत नाही.

मग इको क्लब?

समग्र शिक्षा अभियानात युवा आणि इको क्लबसाठी वर्षाला प्राथमिक शाळेला ५ हजार, उच्च प्राथमिकला १५ हजार आणि माध्यमिकला २५ हजारांपर्यंत तरतूद आहे. पाणी मोजायला ही रक्कम भरपूर झाली. पण हा निधी सरकारी शाळांसाठी आहे. आपल्याकडे खेड्यात बहुतेक ठिकाणी सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा आणि पुढे संस्थेचं अनुदानित हायस्कूल असतं. म्हणजे ज्या वयात पोरं असं काम नीट करू शकतात, नेमकी त्याच वयात ती या निधीच्या बाहेर जातात. हायस्कूल आणि झेडपी शाळेने मिळून एकच अभ्यास केला तर यातून वाट निघू शकते.

बरंचसं काम फुकटातही होतं, हे फार कमी शाळांना माहीत असतं. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाणी तपासणीचे किट दिले आहेत आणि प्रत्येक गावात पाच महिलांना ते वापरायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे. आपल्या गावचं किट कुठे आहे, हे ग्रामपंचायतीत विचारा. कपाटात असेल तर बाहेर काढायला लावा. मातीसाठी राहाता तालुक्यातच बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र आहे आणि जिल्ह्यात राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे.

मोजलेले आकडे कशाशी ताडायचे? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. खतातून उतरणाऱ्या नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्यात अशी सूट नाही. लहान बाळांसाठी जास्त नायट्रेट धोक्याचं असतं. त्यामुळे एखाद्या विहिरीचा आकडा त्यापुढे गेला, तर वही शाळेत ठेवून चालणार नाही. किटचा आकडा प्रयोगशाळेतून पक्का करून घ्यायचा आणि ग्रामसभेत मांडायचा. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. त्यामुळे पाण्यावरच्या खर्चाचा ठराव मागणं हे काही जगावेगळं नाही.

एक शेवटची टीप. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा मोजते. पोरांनीही तेच महिने धरले तर त्यांचे आकडे सरकारी आकड्यांशेजारी ठेवून बघता येतात. इन्स्पायरची नोंदणी साधारण पावसाळ्यात चालते, विहिरींची पहिली फेरी ऑक्टोबरमध्ये सुरू करता येईल.