एका दिवसाचे 2 लाख डॉलर

66 दिवस. लॉस एंजेलिसमधल्या सांता मोनिका फ्रीवेवरचे कोसळलेले पूल नव्याने उभारायला एवढाच वेळ लागला. कराराची मुदत होती 140 दिवसांची.

हे पूल 17 जानेवारी 1994 च्या नॉर्थरिज भूकंपात कोसळले; त्याची तीव्रता होती 6.7. या रस्त्यावरून रोज सुमारे 3 लाख वाहने जात. तो बंद राहिल्याने शहराचे दिवसाला 10 लाख डॉलरचे नुकसान होते, असा राज्य सरकारचा अंदाज. करारातली अट या अंदाजाशी ताडून पाहावी : मुदतीआधीच्या प्रत्येक दिवसाला 2 लाख डॉलर बोनस, उशिराच्या प्रत्येक दिवसाला तेवढाच दंड. सी. सी. मायर्स या कंपनीने 74 दिवस वाचवले आणि 1 कोटी 48 लाख डॉलर बोनस मिळवला. मूळ कंत्राटही जवळपास तेवढ्याच रकमेचे होते, म्हणजे पुलांचा खर्च दुप्पट झाला. पण त्याच 74 दिवसांत टळलेले नुकसान 7 कोटी 40 लाखांचे. सरकारने बोनसपोटी मोजलेल्या एका डॉलरमागे शहराचे पाच वाचले.

140 दिवसांचा अंदाजच सैल होता का? शंका रास्त आहे. मात्र भूकंपापासून वाहतूक सुरू होईपर्यंत, म्हणजे 12 एप्रिलपर्यंत, एकूण 85 दिवस गेले. त्यातून 66 वजा केले तर उरतात 19. निविदा काढून काम सोपवायला एवढेच दिवस लागले. एरवी यातच महिने जातात. माझ्या मते खरी बचत इथे आहे.

13 वर्षांनी तीच कंपनी ओकलंडमध्ये दिसते. 29 एप्रिल 2007 रोजी पेट्रोलचा टँकर पेटून मॅकआर्थर मेझ या उड्डाणपुलांच्या जाळ्यातला एक भाग कोसळला. दुरुस्तीच्या खर्चाचा सरकारी अंदाज 52 लाख डॉलरचा, मायर्सची बोली सुमारे 8 लाख 67 हजारांची, म्हणजे अंदाजाच्या एक षष्ठांश. उरलेला हिशेब बोनसमध्ये होता : इथेही दिवसाला 2 लाख, पण कमाल 50 लाख. दोन्ही मिळून साडेअठ्ठावन्न लाखांवर रक्कम गेली, अंदाजापेक्षा सुमारे 13 टक्के जास्त.

मुदत 27 जूनची होती, रस्ता 24 मे रोजी खुला झाला. 34 दिवस आधी. बोनसची मर्यादा 25 दिवसांतच भरत होती. वरच्या 9 दिवसांचा एक डॉलरही कंपनीला मिळाला नाही.