घर भाड्यानें देतांना

नाशकास आमच्या परिचयाच्या एक वृद्ध बाई आहेत. पति निवर्तल्यावर घराच्या वरच्या दोन खोल्या त्यांनीं सातपूरच्या कारखान्यांत नोकरीस असलेल्या एका गृहस्थांस दिल्या. "अकरा महिन्यांचा कागद केला आहे, त्यास नोंदणी लागत नाहीं," असें त्या मोठ्या समाधानानें म्हणाल्या. कागद आम्हीं पाहिला. मुद्रांक, सह्या, दोन साक्षी, सर्व कांहीं होतें. आणि तरीहि बाईंच्या रक्षणास तो जवळजवळ निरुपयोगी होता.

हा अकरा महिन्यांचा समज घरोघर आढळतो, आणि तो अगदींच निराधारहि नाहीं. एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदविला पाहिजे, असें १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा सांगतो. परंतु महाराष्ट्रांत ३१ मार्च २००० पासून १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्याच्या ५५ व्या कलमान्वयें मुदत कितीहि असो, भाड्याचा वा परवानगीचा करार लेखी व नोंदलेलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण खरी शिक्षा निराळीच. वाद निघाला कीं अटींविषयीं बिऱ्हाडकरू सांगेल तें ग्राह्य धरलें जातें. तें खोटें ठरविण्याचा भार मालकावर.

आतां भाडें व परवानगी यांत भेद तो काय? भाड्यानें घराच्या उपभोगाचा हक्कच बिऱ्हाडकरूकडे जातो. तो भाडें देत राहील व अटी पाळील तोंवर त्यास उठविणें सोपें नाहीं. मालकाची खरीखुरी गरज, पोटभाडेकरू ठेवणें, असें कायद्यांतलें कारण न्यायालयांत सिद्ध करावें लागतें. ज्यास सर्वजण 'लीव्ह अँड लायसन्स' म्हणतात त्यांत असा हक्क जात नाहीं. पाहुण्यास ओसरीवर बसूं द्यावें, तशी ती केवळ परवानगी. फरक इतकाच कीं हा पाहुणा पैसे देतो. मुदतीनंतर न हलणारास दुप्पट शुल्क भरावें लागतें, व सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून मालकास राहतें घर परत मिळवितां येतें. उद्यां तेच गृहस्थ "मी परवानगीवर नव्हे, भाड्यानें राहतों" म्हणाले असते, तर बाईंपाशीं उत्तर काय होतें?

जुन्या नाशकांतील वाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. तेथें १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या छत्राखालीं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलीं बिऱ्हाडें आहेत. मालक म्हणतात, भाड्यांतून कौलेंहि शाकारून होत नाहींत. बिऱ्हाडकरू म्हणतात, वाडा पडावा म्हणूनच दुरुस्ती टळते. आम्हांस दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य दिसतें. वाडा पडला म्हणजे भाडेहक्क संपला, हा समज मात्र चुकीचा आहे. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्रांतल्याच एका प्रकरणांत निर्णय दिला कीं इमारत गेली तरी जमीन उरते, आणि तिच्याबरोबर हक्कहि. अशा वाड्यांतील भगिनींनीं भाड्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. पावती देणें हें मालकाचें कर्तव्यच आहे.

बाईंनीं पुढें परवानगीचा नवा करार करून तो नोंदविला. शहरांत नोंदणीस एक हजार रुपये, शिवाय थोडें मुद्रांकशुल्क. हें काम आतां संगणकावर घरबसल्याहि होतें. त्या गृहस्थांनीं अनामत रकमेचा आंकडा व ती परत देण्याचा दिवस आग्रहानें लिहवून घेतला. बाईंस क्षणभर राग आला. आमच्या मतें त्यांनीं योग्यच केलें.