पृथ्वी फिरते, हे कशावरून?

पृथ्वी स्वतःभोवती फिरते काय, असे तुम्हांस कोणी विचारले, तर तुम्ही तत्काळ 'होय' म्हणाल. परंतु ती फिरताना तुम्ही पाहिली आहे काय? रोज डोळ्यांना दिसतो तो सूर्य, पूर्वेस उगवणारा आणि पश्चिमेस मावळणारा. पायांखालची जमीन तर तसूभरही हलत नाही. म्हणजे डोळ्यांच्या साक्षीविरुद्ध तुम्ही पुस्तकाच्या शब्दावर विश्वास ठेवला आहे!

आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, हाच विचार मांडला. नावेतून पुढे जाणाऱ्यास काठावरच्या स्थिर वस्तू मागे सरकताना दिसतात. तसेच स्थिर तारे आपणांस पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे त्याने सांगितले. दृष्टान्त सुंदर खरा. पण दृष्टान्त म्हणजे पुरावा नव्हे. पुढे वराहमिहिराने शंका घेतली : पृथ्वी फिरत असेल, तर आकाशात उडालेल्या पक्ष्यांना आपली घरटी पुन्हा कशी सापडतात? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. हवा आणि तीत उडणारे पक्षीही पृथ्वीबरोबरच फिरतात, हे उत्तर आज पुस्तकात मिळते; त्या काळी गतीचे नियम कोणास ठाऊक नव्हते. वराहमिहिराने निदान प्रश्न तरी विचारला. आपण तोही विचारीत नाही.

१८५१ साल उजाडेपर्यंत विद्वानांस या बाबतीत शंका उरली नव्हती. परंतु सामान्य माणसाला उभ्याउभ्या पाहता येईल असा पुरावा त्या वर्षी फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिला. पॅरिसमधील पँथिऑन या भव्य वास्तूच्या घुमटातून त्याने ६७ मीटर लांबीची तार सोडली, तिला २८ किलोग्रॅम वजनाचा गोळा टांगला आणि त्यास झोका दिला. गोळ्याच्या तळाशी असलेले अणकुचीदार टोक खालच्या वाळूत रेघ ओढीत असे. बाजूने कोणी धक्का दिल्यावाचून लंबक आपल्या झोक्याची दिशा बदलत नाही. तरीही वाळूतील रेघ हळूहळू सरकू लागली. तासाभरात सुमारे ११ अंश! फिरत होती ती खालची फरशी, आणि तिच्याबरोबर सारे पॅरिस शहर व तेथे जमलेले प्रेक्षकही.

असा लंबक आज दिल्लीच्या नव्या संसद भवनातही आहे. तेथे त्याची एक फेरी पुरी होण्यास सुमारे ५० तास लागतात. तो पाहण्याचा योग आलाच, तर घाईने पुढे जाऊ नका. पहिली काही मिनिटे तुम्हांस काहीच घडत नाही असे वाटेल.