जुना राउटर मळ्यात कामास कसा आणावा?

गावातील घरी इंटरनेटची जोडणी आली की काही वर्षांत जुना राउटर काढून नवा बसविण्याची वेळ बहुधा येतेच. जुना राउटर बिघडलेला असतो असे नव्हे. जोडणी देणारी कंपनी बदलली, वेग वाढवून घेतला, किंवा तांब्याची तार जाऊन काचतंतूची आली, एवढेच त्याचे कारण असते. मग तो राउटर फळीवर धूळ खात पडतो. उलटपक्षी त्याच घरची विहीर शे-दीडशे मीटरवर असते, तेथे मोटारीची खोली असते, आणि शेतीपंपाची थ्री-फेज वीज रात्रीच्या पाळीची असली म्हणजे मोटार चालू झाली की नाही, पाट फुटला की काय, हे पाहण्यासाठी अंधारात बांधावरून जावे लागते. रात्रीच्या या फेरीत साप-विंचवाचे भय असतेच, आणि जुन्नर-शिरूरकडील शेतकऱ्यांस बिबट्याविषयी वेगळे सांगावयास नको.

मोटारीच्या खोलीत एक कॅमेरा ठेवता आला तर यांतील निम्म्या फेऱ्या तरी वाचतील. परंतु तेथवर केबल नेणे खर्चाचे असते, नांगराच्या फाळाखाली ती तुटते, आणि वळवाच्या विजांच्या दिवसांत उघड्यावरील तांब्याची तार घरापर्यंत संकट आणू शकते. येथे फळीवरचा जुना राउटर उपयोगी पडतो. त्यास घरच्या नव्या राउटरचा बिनतारी सिग्नल पकडावयास लावावयाचे आणि त्याच्या पाठीमागील भोकातून केबलने कॅमेरा जोडावयाचा. ही कृती अवघड नाही. मात्र क्रम चुकला तर दिवस फुकट जातो.

काम कसे चालते?

राउटर हा सामान्यतः देणारा असतो. बाहेरून तारेने आलेले इंटरनेट तो घरातील मोबाइलांस हवेतून वाटतो. येथे आपण त्याची भूमिका उलटी करतो. जुना राउटर मोबाइलप्रमाणे नव्या राउटरचा ग्राहक होतो आणि मिळालेले इंटरनेट तारेने पुढे देतो. १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने ५ जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालविली होती. त्या काळच्या रेडिओ संचाची आणि या राउटरची तुलना अनेकजण करतात. पण त्यांत एक मोठा भेद आहे. रेडिओचा संच केवळ ऐकत असे. राउटरला ऐकून उत्तरही द्यावे लागते. म्हणून घरचा राउटर कितीही जोरदार असला तरी मळ्यातील दुबळ्या यंत्राचा आवाज त्याला ऐकू गेला नाही तर जोडणी टिकत नाही. ‘सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात, पण चालत काही नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

यंत्राची पारख

प्रथम राउटर उलटा करून खालची चिठ्ठी वाचावी. तीवर नमुना क्रमांक, आतील पत्ता आणि वीज किती व्होल्टची लागते हे छापलेले असते. मूळचा अडॅप्टर हरवला असल्यास हाती येईल तो जोडू नये. काही राउटर ९ व्होल्टचे, तर काही १२ व्होल्टचे असतात; पिना मात्र सारख्याच बसतात. व्होल्टचा आकडा तोच, अँपिअरचा आकडा तेवढा किंवा अधिक, आणि धन-ऋणाचे चिन्ह तेच, असा अडॅप्टर असावा.

नंतर तो ‘बिनतारी ग्राहक’ होऊ शकतो काय, हे पाहावे. सर्वच राउटर होत नाहीत. सेटिंगच्या पानावर ‘क्लायंट’, ‘डब्ल्यूआयएसपी’, ‘ब्रिज’, ‘डब्ल्यूडीएस’ किंवा ‘रिपीटर’ यांपैकी एखादा शब्द आढळल्यास काम होण्यासारखे आहे असे समजावे. यांपैकी काहीच नसेल तर आतील आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, बदलण्याचा मार्ग उरतो. त्याची हकीकत थोडी गमतीची आहे. २००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी-५४जी नावाचा राउटर बाजारात आणला. त्याची आज्ञावली लिनक्सवर आधारलेली होती, आणि लिनक्सच्या परवान्याची अट पाळण्यासाठी २००३ साली कंपनीस ती सर्वांना खुली करावी लागली. त्या उघड्या झालेल्या आज्ञावलीतून ओपन-डब्ल्यूआरटी आणि डीडी-डब्ल्यूआरटी ही दोन मोफत फर्मवेअरे पुढे आली, आणि ती इतर अनेक कंपन्यांच्या राउटरांवरही चालू लागली. तथापि नमुना क्रमांक व त्यापुढील आवृत्तीचा अंक दोन्ही तंतोतंत जुळल्याखेरीज फर्मवेअर बदलू नये, व बदल चालू असता वीज जाणार नाही याची खात्री करावी. अर्धवट लिहिलेल्या फर्मवेअरचा राउटर म्हणजे नुसती डबी होय. ज्यास या कामाचा सराव नाही त्याने तालुक्याच्या ठिकाणी जाणकार माणसाकडून ते करून घेणे बरे.

घरातील मांडणी

सर्व जुळणी घरात, दोन्ही राउटर एकाच खोलीत ठेवून करावी. मळ्यात जाऊन प्रारंभ करू नये. अन्यथा दोष सेटिंगमध्ये आहे की अंतरात, हे कळण्यास मार्ग राहत नाही.

नव्या राउटरचा २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा चालू असावा. जुन्या यंत्रांस बहुधा हाच पट्टा समजतो. त्याचा चॅनेल आपोआप बदलता न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर स्थिर करावा. १२ व १३ हे चॅनेल काही जुन्या राउटरांस दिसतच नाहीत. सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए-२ असावी. नवा राउटर केवळ डब्ल्यूपीए-३ वर ठेवलेला असेल तर जुन्यास आत प्रवेश मिळत नाही. अशा वेळी दोहोंची मिश्र पद्धत निवडावी. मात्र जुन्या यंत्रास केवळ डब्ल्यूईपी ही पद्धत येत असेल तर त्याच्यासाठी घरची सुरक्षा खाली आणू नये. डब्ल्यूईपीचे कुलूप जाणकार माणूस काही मिनिटांत उघडतो, आणि त्याच जोडणीवरून आपण बँकेचे व्यवहार करीत असतो. असे यंत्र सरळ मोडीत द्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

आता जुन्या राउटरला वीज देऊन मागील बारीक भोकातील कळ टाचणीने सुमारे १० सेकंद दाबून धरावी. दिवे लुकलुकले की तो कारखान्यातून निघाला त्या स्थितीत येतो व आधीच्या मालकाचे पासवर्ड पुसले जातात. त्यानंतर केबलचे एक टोक संगणकास व दुसरे राउटरच्या ‘लॅन’ भोकास लावावे. निराळ्या रंगाचे एकटे भोक असते ते ‘वॅन’चे, तेथे केबल लावल्यास सेटिंगचे पान उघडत नाही. चिठ्ठीवरील पत्ता, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये लिहिला की पान उघडते. यंत्राचा मूळ पासवर्ड तेथेच तात्काळ बदलावा.

यापुढील पायरी अनेकजण विसरतात. दोन्ही राउटरांचा आतील पत्ता एकच असेल तर काहीही चालत नाही. एकाच आळीत एकाच क्रमांकाची दोन घरे असली तर टपालवाल्याची जी अवस्था होईल तीच येथे होते. घरचा राउटर १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याचा पत्ता १९२.१६८.२.१ करावा. जतन केल्यावर जुने पान बंद पडते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. केबल काढून पुन्हा लावावी आणि नव्या पत्त्यावर पान उघडावे. मग बिनतारी विभागात ‘क्लायंट’ किंवा ‘डब्ल्यूआयएसपी’ निवडून आसपासची नावे शोधण्याची आज्ञा द्यावी, यादीतून घरच्या जोडणीचे नाव निवडावे, तिचा पासवर्ड घालावा व जतन करावे. स्थितीच्या पानावर ‘वॅन’ पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होणारा दिसला म्हणजे घरच्या राउटरने जुन्यास ग्राहक म्हणून स्वीकारले. तेथे नुसती शून्ये दिसल्यास पासवर्ड अथवा सुरक्षेची पद्धत चुकली आहे.

या रीतीत एक मर्यादा आहे. मळ्यातील यंत्रांचे जाळे घरच्या जाळ्याहून वेगळे राहते. कॅमेरा कंपनीच्या दूरच्या संगणकामार्फत चित्र मोबाइलवर आणणारा असेल तर अडचण येत नाही. परंतु घरातील रेकॉर्डरने थेट कॅमेऱ्यास विचारावयाचे असल्यास तो सापडत नाही. त्यासाठी ‘ब्रिज’ किंवा ‘डब्ल्यूडीएस’ पद्धत लागते. तीत जुन्याचा पत्ता घरच्याच मालिकेतील, जसे १९२.१६८.१.२, ठेवावा आणि त्याचे पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करावे. ही पद्धत दोन निराळ्या कंपन्यांच्या राउटरांत पुष्कळदा जमत नाही. ‘रिपीटर’ पद्धतीत तोच राउटर घेतो आणि हवेतून पुन्हा देतोही; एकच यंत्र आळीपाळीने दोन्ही कामे करीत असल्याने वेग सुमारे निम्मा होतो. कॅमेरा केबलने जोडावयाचा असेल तर तिच्या वाटेस जाऊ नये.

ऊस आणि सिग्नल

सेटिंगचे काम अर्ध्या दिवसात आटोपते. खरी कसोटी मळ्यात लागते, आणि तेथे मी स्वतः फसलो आहे. नीरा डाव्या कालव्याखालील एका मळ्यात, घरापासून सुमारे १२० मीटरवरील मोटारीच्या खोलीत, मी चैत्रात असा राउटर बसवून दिला. उसाची तोड झालेली होती, खोडवा गुडघ्याएवढा होता. चित्र स्वच्छ येऊ लागले आणि मी समाधानाने परतलो. भाद्रपदात निरोप आला की, यंत्र बंद पडले. मी जाऊन अडॅप्टर बदलला, सर्व सेटिंग पुसून पुन्हा केले, घरी आणून पाहिले तर उत्तम चाले. मळ्यात नेले की मुके. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेस घरच्या आजीबाई ओसरीवरून म्हणाल्या, “अहो साहेब, उन्हाळ्यात हितनं मोटारीच्या खोलीचा पत्रा दिसायचा. आता दिसतोय का बघा की.” मध्ये माणसाच्या दीडपट उंचीचा ऊस उभा होता.

हिरव्या पानांत व कांड्यांत पाणी असते, आणि या लहरी पाण्यात मोठ्या प्रमाणावर शोषल्या जातात. शिवाय नजरेस रेघ मोकळी दिसली एवढ्याने भागत नाही. लहरी दोन अँटेनांच्या मध्ये मधोमध फुगीर अशा वाटेने जातात. २.४ गीगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. १२० मीटर अंतरावर या वाटेची मध्यभागी त्रिज्या सुमारे २ मीटर भरते. तीपैकी निदान ६० टक्के, म्हणजे सुमारे १.२ मीटर, तरी मोकळी हवी. ऊस ३ मीटर होणार असेल तर दोन्ही टोकांच्या अँटेना जमिनीपासून निदान सव्वाचार मीटर उंच हव्यात. अंतर कमी-जास्त असेल त्या मानाने हा आकडा बदलेल. पीक कापलेले असताना मोजमाप करणाऱ्याने उभ्या पिकाची उंची ध्यानी धरूनच खांब रोवावा.

त्या मळ्यात आम्ही राउटर खोलीच्या छपरावर नळाच्या खांबास बांधला आणि घरचा राउटर माडीच्या त्या बाजूच्या खिडकीत नेला. तेव्हापासून दोन गळीत हंगाम गेले. जोडणी टिकून आहे. खांब किती उंच असावा यासही मर्यादा आहे. २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा ज्या २००५ सालच्या नियमांनी विनापरवाना खुला झाला, त्यांत अँटेना इमारतीच्या छपरापासून ५ मीटरपेक्षा उंच नसावी असे घातले होते. आपले काम त्याच्या आत सहज होते.

खांबावर चढविताना आणखी काही गोष्टी पाहाव्यात. राउटर लोखंडी पेटीत ठेवू नये. पत्रा लहरी अडवितो. पांढरी प्लॅस्टिकची पेटी घ्यावी, तिच्या तळाशी हवेसाठी भोके पाडावीत, माथा पूर्ण बंद असावा. अँटेना खांबाच्या घराकडील अंगास यावी, मागे झाकली जाऊ नये. कांडीसारखी अँटेना उभी ठेवावी, आणि घरच्या राउटरचीही उभीच. पुष्कळ लोक तिचे टोक बंदुकीप्रमाणे घराकडे रोखतात. परंतु अशा अँटेनेतून लहरी बाजूंनी निघतात, टोकाकडून जवळजवळ निघतच नाहीत. तिच्या मागे सुमारे ३ सेंटिमीटरवर टीनचा एक सपाट तुकडा उभा केल्यास मागे वाया जाणारा जोर पुढे वळतो. हा उपाय फुकटचा आहे आणि अनुभवास उतरतो.

सिग्नलचा जोर पानावर डेसिबलच्या ऋण आकड्यात दिसतो. उणे ६५ च्या आसपास असेल तर उत्तम. उणे ७५ वर पावसाळ्यात रडगाणे सुरू होते. उणे ८५ म्हणजे जोडणी नाहीच असे धरावे. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या रानातही ६ डेसिबल घटतात. विहीर ३०० मीटरच्या पुढे असेल तर जुन्या राउटरचा हट्ट धरू नये. त्यासाठी एका दिशेस रोखलेली, उघड्यावर टिकणारी यंत्रे वेगळी मिळतात.

मोटारीच्या खोलीत वीज जाऊन-येऊन असते. १२ व्होल्टचा राउटर साधारणतः ५-६ वॅट घेतो. ७ अँपिअर-तासाची लहान बॅटरी कागदोपत्री त्यास बारा तासांवर पुरते, प्रत्यक्षात आठ-दहा तास धरावेत, कॅमेरा जोडल्यास त्याहून कमी. तीस चार्जर जोडलेला असता व्होल्ट १४ पर्यंत चढतात, म्हणून मध्ये व्होल्ट स्थिर ठेवणारी पट्टी घालावी. पेटीच्या भोकांवर बारीक जाळी लावावी, नाहीतर मुंग्या आत घर करतात. राउटरचा पत्ता, नवा पासवर्ड व चॅनेलचा अंक कागदावर लिहून तो कागद घरी, पासबुकाबरोबर ठेवावा. पेटीवर चिकटवू नये.