दावीद राजाचा दोष आणि त्याचे वकील

यहुदी परंपरेत दावीद हा आदर्श राजा, स्तोत्रकर्ता आणि भावी मशीहाचा, म्हणजे उद्धारकर्त्याचा, पूर्वज मानला जातो, तरीही इ.स.पू. 1000च्या सुमाराच्या या राजाचे पाप त्याच परंपरेच्या धर्मग्रंथाने इतके उघड मांडले आहे की, धन्याच्या स्तुतीची सवय असलेला कोणताही बखरकार ते दडपूनच टाकता.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकानुसार सैन्य राब्बा नगराला वेढा घालून बसले असताना राजा राजधानीतच राहिला, वाड्याच्या गच्चीवरून स्नान करणारी बथशेबा त्याच्या नजरेस पडली, आणि ती आपल्याच पदरच्या उरीयाची बायको आहे हे कळूनही त्याने तिला बोलावून घेतले. ती गरोदर राहिल्यावर उरीयाला रणातून आणवून घरी धाडण्याची युक्ती फसली, कारण सोबती उघड्यावर तळ देऊन असताना घरचे सुख नको म्हणून तो वाड्याच्या दाराशी चाकरांबरोबर झोपला. तेव्हा त्याला ऐन धुमश्चक्रीत पुढे करून मागे हटावे, असा सेनापती यवाबाला लिहिलेला खलिता राजाने उरीयाच्याच हाती दिला, आणि उरीया मारला गेला. पुढे संदेष्टा नाथान याने दरबारात एक गोष्ट सांगितली: धन्याच्या ताटातले खाणारी, त्याच्या कुशीत निजणारी गरिबाची एकुलती मेंढी शेजारच्या धनिकाने पाहुण्यासाठी कापली. राजाने संतापून चौपट भरपाईचा निवाडा दिला, आणि तो माणूस तूच, असे नाथानाने त्याला सुनावले. तालमूद, म्हणजे मौखिक धर्मशास्त्र व त्यावरील चर्चांचा महाग्रंथ, ही चौपट दावीदाच्या चार अपत्यांवर ओढवलेल्या आपत्तींतून मोजूनच दाखवतो: बथशेबेचे तान्हे मूल, अम्नोन, तामार आणि अबशालोम.

त्याच तालमुदात मात्र दावीदाने पाप केले असे म्हणणारा चुकतो, असेही मत आहे. लढाईवर जाणारे शिपाई बायकोला सशर्त काडीमोड लिहून देत, म्हणून बथशेबा परस्त्री ठरत नाही, आणि राजासमोर यवाबाला ‘माझा स्वामी’ म्हणणारा उरीया राजद्रोही ठरतो, अशी ही वकिली आहे. दावीदाच्या वंशातला म्हणून रब्बी यहूदा त्याची बाजू घेतो, हा टोलाही त्याच पानावर नोंदलेला आहे. पुढे अबारबनेल (1437–1508) या भाष्यकाराने ही सफाई नाकारली, आणि मूळ कथा वाचताना त्याचीच बाजू अधिक पटते. राजाचे मोठेपण अबारबनेलने त्याच्या पापाच्या कबुलीत पाहिले.

दावीदाची ही कथा मराठी मुलखातही पोचली. कोकणातल्या जुन्या कुलाबा जिल्ह्यात बेने इस्राएल हा मराठीभाषक यहुदी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहिला; तेलाचे घाणे चालवणारा व शनिवार पाळणारा म्हणून तो शनवार तेली म्हणवला जाई. तालमुदी पांडित्याशी त्याची ओळख फार उशिरा झाली, आणि एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी छापलेल्या मराठी बायबलातून त्याच्या हाती जो दावीद आला, तो या वकिलांवाचूनच आला. 1880च्या सुमारास या समाजाने मुंबईत पूर्वरंग-उत्तररंगाच्या मराठी चालीवर बायबलातील कथांची कीर्तने सुरू केली. गोष्टीत गुंतवून ऐकणाऱ्याला जागेवर पकडण्याची नाथानाची रीत त्या श्रोत्यांना परकी वाटण्याचे कारण नव्हते.