कारकुनाची लेखणी आणि गणकयंत्र

पांढरपेशा घरांतील मुलगा मॅट्रिक झाला, कीं त्याच्यापुढें पूर्वीं दोनच वाटा दिसत. एक शाळामास्तराची व दुसरी कारकुनाची. त्यांतही बँकेंतील जागा म्हणजे वधूपित्याच्या मनांत प्रथम भरणारी. संगणकानें या दुसऱ्या वाटेचें काय केलें, याचा विचार प्रत्येक कुटुंबानें करण्याजोगा आहे.

जुन्या कारकुनाचें काम तरी काय होतें? पैसे भरल्याची वा काढल्याची प्रत्येक नोंद जाडजूड खातेवहींत हातानें उतरावी, शिल्लक मांडावी आणि वरिष्ठानें ती तपासून सही करावी. तोंवर गिऱ्हाइकानें पितळी बिल्ला हातांत धरून बाकावर बसावें. सहामाही आली कीं हजारों खात्यांचें व्याज आकारावयाचें व बेरजा जुळवावयाच्या. थोडक्या पैशांचा फरक निघाला, तरी तो सांपडेपर्यंत कचेरींतील दिवे जळत राहात.

हाताच्या या मर्यादेमुळें नियमही तसेच बेतावे लागत. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत खात्यांत जी सर्वांत कमी शिल्लक असे, तिच्यावरच बचतीचें व्याज मिळे. कोणी २०,००० रुपये महिनाभर ठेवून २८ तारखेस १९,००० काढले, तर त्या महिन्याचें व्याज १,००० रुपयांवरच! रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजणें लेखणीच्या आवांक्याबाहेरचें होतें. संगणक सर्वत्र पसरल्यावर रिझर्व्ह बँकेनें १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज देण्याचा नियम केला. यंत्रानें सामान्य ठेवीदारास दिलेला हा न्याय निःसंशय मोठा होय.

परंतु यंत्राचें आगमन सुखानें झालें नाहीं. ‘हें यंत्र आमची भाकरी हिरावील,’ या भीतीनें कर्मचारी संघटनांनीं त्यास दीर्घकाळ विरोध केला. १९८३ सालीं त्यांच्याशीं करार झाला. १९८४ मध्यें डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीनें बँकांच्या यांत्रिकीकरणाची योजना मांडली. पुढें २०००-०१ च्या सुमारास सरकारी बँकांनीं स्वेच्छानिवृत्ति देऊं केली, तेव्हां सुमारें एक लाख माणसें बाहेर पडलीं. हा सर्व दोष यंत्राचाच, असें आम्ही म्हणत नाहीं. पण यंत्र हाताशीं नसतें, तर इतक्या माणसांवांचून काम रेटण्याचें धाडस कोणीं केलें असतें काय? भीति अगदींच निराधार नव्हती, एवढें मान्य केलें पाहिजे.

आतां नक्कल, बेरीज व ताळा हीं कामें गेलीं. उरलीं तीं समजावून सांगण्याचीं, शंका घेण्याचीं व माणूस पारखण्याचीं. यंत्र बेरजेंत चुकत नाहीं. पण चुकीचा आंकडा त्याच्या पोटांत घातला, तर तेंही तितक्याच इमानानें चुकीचें उत्तर देतें. ‘संगणक असेंच दाखवितो,’ असें म्हणून गिऱ्हाइकास परत धाडणारा कारकून स्वतःच यंत्राचा एक भाग बनतो, आणि अशाची जागा यंत्रास घेतां येणें सर्वांत सोपें असतें.

आम्ही शाळेंत मुलांकडून पावकी, निमकी, दीडकी घोकून घेत असूं. कारण कचेरीस तोंडच्या हिशोबाची गरज होती. ती गरज सरली, म्हणून हिशोब सोडावा असें नव्हे. उत्तर अदमासें किती यावें, हें ज्यास कळतें, त्यासच पडद्यावरील आंकड्याचा संशय येईल. पाठांतराचा हेतु आतां वेग नसून विवेक असावा.

आणखी एक गोष्ट घरच्यांनीं ध्यानांत घ्यावी. २०१६ पासून यूपीआयमुळें पैशांची देवघेव हातांतील फोनवर आली आणि बँकेची खिडकी ओस पडूं लागली. ज्या आजोबांना खिडकीपलीकडचा कारकून नांवानें ओळखत असे, ते आतां नातवाच्या सवडीवर अवलंबून आहेत. नातवानें काम उरकून न देतां, शेजारीं बसून तें शिकवावें. गुप्त आंकडा कोणासही सांगूं नये, हें पुनःपुन्हा बजवावें. बँकेंतील कारकुनानें जें काम सोडलें, तें आतां घरांतील कोणीतरी उचललेंच पाहिजे.